‘कला’ शाखेतील कला : येशूसंघीय अभ्यासक्रम आणि ‘ख्रिस्तपुराण’

बी.ए. या पदवीचे मराठी रूपांतर ‘कला स्नातक’ असे केले जाते. या ‘कला’ शब्दाने नेमका कोणता बोध व्हावा, याचा विचार आपण क्वचितच करतो. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी ‘आर्ट्सला गेला’ या वाक्प्रयोगाचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. जो विज्ञानाला गेला नाही आणि वाणिज्यालाही गेला नाही, तो आर्ट्सला गेला. म्हणजे या शाखेची व्याख्या नकारात्मक आहे. विद्यार्थ्याला विचारावे की तू तीन वर्षे कोणती कला शिकलास, तर तो गोंधळतो. कारण कला म्हणजे चित्र, नृत्य, गायन अशी त्याची प्रामाणिक समजूत असते व तिच्यात त्याचा दोष नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘आर्तेस लिबेरालेस’ या संज्ञेत आहे. दास नसलेल्या, मोकळ्या माणसाला शोभणाऱ्या विद्या, असा तिचा मूळ अर्थ. व्याकरण, तर्क व वक्तृत्व ही त्रयी आणि अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष ही चौकडी मिळून या सात विद्या होत. रोमन जगाकडून त्या ख्रिस्ती मठांकडे आल्या, मठांतून मध्ययुगीन विद्यापीठांत आल्या. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे निघाली, तेव्हा त्यांच्याबरोबर ‘आर्ट्स’ हे नाव आपल्याकडे आले. नाव आले, पण त्यामागची अध्ययनाची रीत फारशी आली नाही. प्रश्नपत्रिका मात्र आली.

ही रीत मराठी भाषेशी एकदा फार निकट आली होती. विद्यापीठांच्या आधी सुमारे अडीचशे वर्षे, गोव्याच्या सासष्टी प्रांतात, कॅथलिक परंपरेतील उदार विद्यांचे शिक्षण घेतलेला एक परदेशी मनुष्य मराठीच्या पहिल्या इयत्तेत बसला आणि त्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांचे एक पुराण निर्माण झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा विचार आपण धर्मप्रसाराचे साधन म्हणून, भाषेचा नमुना म्हणून किंवा मराठीच्या स्तुतीची चार-पाच सुंदर ओवी म्हणून करतो. एका विशिष्ट अभ्यासक्रमाचे फलित म्हणून त्याचा विचार करावा, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे. असा विचार केल्यास त्या ग्रंथातील काही गोष्टींचा उलगडा होतो, आणि आपण आपल्या वर्गांत काय शिकवतो, या प्रश्नाकडेही नव्याने पाहावे लागते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

येशूसंघाची स्थापना १५४० ची. सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी संघाचे पहिले कॉलेज सिसिलीतील मेसिना येथे १५४८ मध्ये निघाले, रोमचे सुप्रसिद्ध ‘कोलेजिओ रोमानो’ १५५१ मध्ये. पुढे अर्धशतकाच्या अनुभवातून, १५८६ व १५९१ चे मसुदे तपासून, १५९९ मध्ये ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ ही अध्ययनसंहिता निश्चित झाली. स्टीफन्स रोममध्ये १५७५ साली संघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास आले. तेव्हा ही संहिता त्यांनी छापील स्वरूपात अभ्यासली असे म्हणता येणार नाही. परंतु संहितेने नवे काही घडवले नाही, रोममध्ये चालत आलेला पाठ लेखनिविष्ट केला. त्या पाठातच स्टीफन्स घडले.

या संहितेतील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम व्याकरणाच्या तीन इयत्ता. त्यानंतर ‘मानव्या’ची इयत्ता, तीत काव्य व इतिहास. त्यानंतर वक्तृत्वाची इयत्ता. इतके झाल्यावर तीन वर्षे तत्त्वज्ञान, म्हणजे तर्क, सृष्टिविचार व पराविचार, बहुतांशी ॲरिस्टॉटलच्या आधारे. आणि मग ईशविद्या. ज्या शिक्षणाचे अंतिम प्रयोजन धर्म होते, त्यात धर्मशास्त्राचा क्रम शेवटी आणि शब्दाचा क्रम आरंभी होता. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला वाक्य नीट वाचता येत नाही त्याला शास्त्र सांगण्यात अर्थ नाही, ही त्यामागील धारणा होय.

पाठाची पद्धतीही सांगितली पाहिजे, कारण पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. शिक्षक थोडक्या ओळींचा उतारा घेई. कित्येकदा सात-आठ ओळींहून अधिक नाही. प्रथम तो मोठ्याने वाचून दाखवी. मग त्याचा आशय दोन वाक्यांत सांगे. मग एकेका पदाचा अन्वय, व्याकरण, अर्थ. शेवटी त्या उताऱ्याला लागणारी इतिहासाची, पुराणकथांची, चालीरीतींची माहिती. याला ‘प्रेलेक्सिओ’ म्हणत. आपण ‘पूर्ववाचन’ म्हणू. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने तोच पाठ परत सांगावयाचा. शनिवारी आठवड्याची उजळणी. वर्गाचे दोन तट पाडून एकमेकांस प्रश्न विचारावयाचे. आणि मग, जे वाचले त्याच्या वळणाने स्वतः लिहावयाचे. सिसेरोचे पत्र वाचले तर पत्र लिहावयाचे, व्हर्जिल वाचला तर पद्य रचावयाचे. वाचन हे लेखनात उतरेपर्यंत पुरे झाले, असे मानले जात नसे.

या पद्धतीचे एक न्यून सांगावयास हवे. तिचे सारे लक्ष लॅटिनवर, त्याखालोखाल ग्रीकवर होते. लोकभाषांना या संहितेत जवळजवळ स्थान नाही.

वादपद्धतीला मात्र किती महत्त्व होते, हे आपल्या मुद्रणेतिहासातील एका घटनेवरून दिसते. भारतात मुद्रणयंत्र प्रथम पोचले ते ६ सप्टेंबर १५५६ रोजी, गोव्यास. वस्तुतः ते अबिसीनियाला जावयाचे होते. त्यावर त्याच वर्षी छापलेले पहिले प्रकाशन म्हणजे ‘कॉन्क्लुजन्स’, अर्थात गोव्यातील सेंट पॉल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडावयाची प्रमेये. भारतात छापले गेलेले पहिले कागद ना पंचांगाचे होते ना प्रार्थनेचे; ते विद्यार्थ्यांच्या वादविवादाचे होते! या प्रकाशनाची प्रत आज उपलब्ध नाही, पण प्रा. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणकलेचा इतिहास लिहिताना या घटनेकडे लक्ष वेधून ठेवले आहे.

सासष्टीतील पहिली इयत्ता

स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये निवर्तले. मधली चाळीस वर्षे बहुतेक सासष्टीत गेली. संघाचे तेथील कॉलेज प्रथम मडगाव येथे होते, ते पुढे राचोल (रायतूर) येथे गेले. तेथील आजच्या वास्तूची पायाभरणी १६०६ ची आहे. राचोलच्या मुद्रणालयातूनच १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या झाल्या. तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत हाती लागलेली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या पठणातून.

रोममध्ये लॅटिनचा पंडित झालेला हा मनुष्य येथे पुन्हा व्याकरणाच्या पहिल्या इयत्तेत बसला. त्याची साक्ष दोन ठिकाणी मिळते. आपल्या भावाला लिहिलेल्या १५८३ च्या लॅटिन पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीसारखी असल्याचे त्यांनी नोंदवले. तौलनिक भाषाशास्त्र जन्मण्यापूर्वी दोनशे वर्षे ही जाणीव एखाद्या व्यापाऱ्याला किंवा सैनिकाला होणे कठीण होते; ज्याने विभक्ती आणि आख्यात यांची घोकंपट्टी केली आहे त्यालाच ती होऊ शकते. दुसरी साक्ष म्हणजे त्यांचे कोकणीचे व्याकरण, ‘आर्त द लिंग्वा कानारीं’. ते त्यांच्या मृत्यूनंतर, दिओगो रिबेइरो यांच्या पुरवणीसह १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले. भारतीय भाषांच्या पहिल्या मुद्रित व्याकरणांत त्याची गणना होते. त्याचा साचा लॅटिन व्याकरणाचा आहे. आजच्या भाषाभ्यासकाला तो खटकेल. परंतु साचा लॅटिनचा आणि कान सासष्टीचा, ही त्याची खूण आहे.

व्याकरणानंतर काव्य. मानव्याच्या इयत्तेतील मुख्य साधना म्हणजे अनुकरण, आदर्श ग्रंथाच्या घडणीचे अनुसरण. ‘ख्रिस्तपुराणा’ची रचना पाहावी. ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग, अनुक्रमे ३६ व ५९ अवस्वर. छंद ओवीचा. आरंभी मंगलाचरण, गणेश-शारदेच्या जागी त्रैक्यरूप परमेश्वर आणि मरियामाता, पण नमनाची चाल पुराणकारांचीच. श्रोत्यांची शंका, वक्त्याचे निरसन, मग कथेचा पुढचा दुवा, ही आपल्या पुराणश्रवणाची रीतही त्यात आहे. पहिल्याच अवस्वरात असा प्रसंग आहे की पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असता एक ब्राह्मण येऊन सुचवतो : आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही द्या. काव्यनिर्मितीचे हे निमित्त खरे असो वा कवीने योजलेले असो, त्यातील मागणी मोठी मार्मिक आहे. तिच्यात मागणाऱ्याची उणीव बोलते, आणि ती उणीव कोणी निर्माण केली हेही बोलते.

या ग्रंथातील अनुकरण म्हणजे केवळ धर्मप्रसारकाची युक्ती, असे म्हणून काही अभ्यासक विषय संपवतात. मला ते अपुरे वाटते. युक्ती दहा-वीस ओव्यांत भागते. अकरा हजार ओव्यांपर्यंत चाल न मोडता जाण्यासाठी आदर्शाचा दीर्घ सहवास लागतो, आणि असा सहवास हे ज्याच्या शिक्षणाचे अंग होते त्यालाच ते साधते.

यानंतर वक्तृत्व. येशूसंघीय शिक्षणात वक्तृत्व म्हणजे टाळ्या घेणारे भाषण नव्हे. श्रोता कोण, प्रसंग कोणता, त्यानुसार शब्द कोणता, या औचित्यविचाराला तेथे वक्तृत्व म्हणतात. आपल्याकडील क्षेमेंद्राचा औचित्यविचार येथे आठवणे स्वाभाविक आहे. ग्रंथाच्या प्रास्ताविकात स्टीफन्स सांगतात की त्यांनी हे मराठीत लिहिले, तरी सामान्य जनांना कळावे म्हणून मराठीतील अवघड शब्द सोडून ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोकणीतील, सोपे शब्द मिसळले. मराठी काव्यभाषा म्हणून स्वीकारावयाची, पण तिचे ओझे श्रोत्यावर टाकावयाचे नाही, असा हा निर्णय आहे. वि. बा. प्रभुदेसाई यांनी सतराव्या शतकातील गोमंतकी बोलीचा जो विचार केला आहे, तो या मिश्रणाकडे भाषेच्या अंगाने पाहतो. त्याकडे वक्तृत्वशास्त्राच्या अंगानेही पाहता येईल.

आणि तर्क. ‘स्वर्ग’ या अर्थी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे वापरतात. पण पवित्र आत्म्यासाठी ‘स्पिरितु सांतु’ हा परकी शब्द तसाच ठेवतात. हा भेद लहरीचा म्हणता येणार नाही. जेथे श्रोत्याच्या मनातील चित्र जवळ आणावयाचे आहे तेथे देशी शब्द, जेथे सिद्धांताला बाध येण्याचे भय आहे तेथे परका शब्द, असे हे पृथक्करण आहे. ‘कोणता शब्द कोठपर्यंत चालेल’ हा प्रश्न वादसभेत तावूनसुलाखून निघालेल्या मनाचा आहे. या ग्रंथातील पारिभाषिक शब्दांची या दृष्टीने तपशीलवार छाननी व्हावयास हवी. पीएच.डी.साठी ‘अमुक लेखक : एक अभ्यास’ अशा विषयांची रांग लागलेली असताना हा विषय तसाच पडून आहे, याचे आश्चर्य वाटते.

अर्थात अभ्यासक्रम कवी निर्माण करीत नाही. फ्रेंच येशूसंघीय एतियेन द ला क्रुवा हेही याच शिक्षणातून आले. संत पीटरच्या चरित्रावरील त्यांचे ओवीबद्ध पुराण १६२९ मध्ये निघाले. विस्ताराने ते स्टीफन्सच्या ग्रंथाहून उणे नाही. पण त्यात हिंदू दैवतांच्या खंडनाचा सोस इतका आहे की वाचक थकतो. वादाची इयत्ता त्यांनी पुरती अंगी बाणवली, काव्याची मात्र तितकी नाही, असे म्हणावेसे वाटते. एकाच शाळेतून दोन प्रकारची मुले बाहेर पडतात, त्यातलाच हा प्रकार.

या शिक्षणाची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून या परंपरेचे गुणगान करण्याचा हेतू आहे असा कोणाचा समज होऊ नये. सासष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले आणि मधल्या एका खंडासह १८१२ पर्यंत राहिले. कॉलेजात देशी धर्मग्रंथांचा अभ्यास होई, पण त्या पोथ्या कित्येकदा लोकांच्या घरांतून हस्तगत केलेल्या असत. ज्या १५८३ मध्ये स्टीफन्सनी भाषांविषयीचे ते विधान केले, त्याच वर्षी कुंकळ्ळीला गावकऱ्यांच्या उठावात पाच येशूसंघीय मारले गेले, आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. ते पत्र मुख्यतः आपल्या मृत सहकाऱ्यांविषयी आहे. भाषांविषयीची नोंद त्यात ओघाने आली आहे. भाषेवरील प्रेम आणि तिच्या भाषकांवरील सत्ता ही एकाच घरात नांदत होती, हे विसरून ‘ख्रिस्तपुराण’ वाचणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

त्याहून आपल्या विषयाशी निगडित असा प्रश्न वेगळाच आहे. या उदार विद्या उदारपणे दिल्या गेल्या काय? उत्तर नकारार्थी आहे. राचोलच्या परिसरातील देशी मुलांच्या वाट्याला मुख्यतः धर्मप्रश्नोत्तरी आली. येशूसंघात भारतीयांना प्रवेश नव्हता. १५७५ मध्ये घेतलेले केरळचे पेरो लुईस हे त्या काळातील एकाकी अपवाद होत. ज्यांच्या भाषेत हे पुराण रचले गेले, त्यांना ते ऐकावयाचे होते, रचावयाचे नव्हते. मोकळ्या माणसाची विद्या कोणाला मोकळे मानावयाचे, या प्रश्नाशी येऊन अडते. हा पेच केवळ कॅथलिक परंपरेचा आहे, असेही समजू नये. आपल्याकडील व्याकरण-न्याय-अलंकाराची पाठशाळा कोणाला खुली होती, हे महात्मा फुल्यांनंतर निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

भाषा शिकण्याचा आग्रह चर्चने काही काळ नियमानेही धरला. १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने स्थानिक भाषा न येणाऱ्या पाद्र्याकडे धर्मग्राम सोपवू नये असे ठरवले. ‘ख्रिस्तपुराण’ त्यानंतर दहा वर्षांनी आले, ही गोष्ट सूचक आहे. पुढे वारे फिरले. २७ जून १६८४ च्या फर्मानाने व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. फर्मानाने भाषा मरत नाही, परंतु अभ्यासक्रमातून जाते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जोमाने वाढलेली ख्रिस्ती मराठी काव्याची परंपरा त्यानंतर क्षीण होत गेली, याची कारणे अनेक असतील. पण ज्या भाषेचे व्याकरण शिकवणे थांबते तिच्यात पुराण रचणारा दुसरा कोणी निपजत नाही, हे त्यांपैकी एक निश्चित आहे.

१७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघाला हद्दपार केले, १७७३ मध्ये पोपनेच संघ विसर्जित केला, आणि १८१४ मध्ये तो पुनरुज्जीवित झाला. मुंबईत जर्मन येशूसंघीयांनी १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज काढले, तेव्हा परिस्थिती सर्वस्वी बदलली होती. आता अभ्यासक्रम संघाचा नव्हता, विद्यापीठाचा होता. परीक्षा विद्यापीठाची होती. आणि विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना किती झगडावे लागले, ते सर्वश्रुत आहे. तेव्हा कॅथलिक परंपरेतील अध्ययनाची रीत टिकली ती अभ्यासक्रमाच्या बाहेर, ग्रंथालयात आणि संशोधनमंदिरात. फादर रॉबर्ट झिमरमन यांच्यासारखे संस्कृतचे अध्यापक तेथे होते. स्पॅनिश फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ साधन हाती घेतल्यावाचून विधान करू नये, ही तिची शिस्त होती.

या ठिकाणी मराठी वाचकाला दुर्गा भागवतांचे स्मरण व्हावे. त्यांचे पदवीचे शिक्षण सेंट झेवियर्समधले. ‘अर्ली बुद्धिस्ट ज्युरिस्प्रुडन्स’ हा त्यांचा विनयपिटकातील नियमांचा अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला तो हेरासांच्या संस्थेच्या ग्रंथमालेत. एक हिंदू घरातील तरुणी, बौद्ध भिक्षूंच्या संघनियमांवर, एका येशूसंघीय पाद्र्याच्या संस्थेत संशोधन करते, हे चित्र सतराव्या शतकातील राचोलमध्ये कल्पनेतही येऊ शकले नसते. दुर्गाबाईंच्या लेखनातील स्वातंत्र्य झेवियर्सने दिले, असे म्हणणे हास्यास्पद होईल. ते त्यांचे स्वतःचे होते. पण मूळ पाठाशी झोंबण्याची त्यांची सवय, एका शब्दासाठी चार ग्रंथ उघडण्याची चिकाटी, हिला अशा वातावरणात पोषण मिळाले असणार. १९७५ च्या कराड संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. ‘मोकळ्या माणसाची विद्या’ या शब्दांचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगताना याहून जवळचे उदाहरण मला सापडत नाही.

रिद्धपूरची वाट

वऱ्हाडातील वाचकाला हे सारे फार दूरचे वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. दारव्ह्याहून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे महानुभावांनी मराठी ही अध्ययनाची भाषा केली. केशोबासांनी संस्कृतात विचारलेल्या प्रश्नावर नागदेवाचार्यांनी, स्वामींनी आम्हांस मराठीतच निरूपिले तेव्हा मराठीतच विचारावे, असे सुनावल्याची हकिकत ‘स्मृतिस्थळा’त आहे. केशोबासांनीच सूत्रे संकलित केली. त्या सूत्रांवर लक्षण, आचार, विचार असे भाष्यग्रंथ झाले. आणि सूत्रांचा अर्थ नेमका लागावा म्हणून भीष्माचार्यांचा ‘पंचवार्तिक’ झाला, ज्याला मराठीचे आद्य व्याकरण मानतात. धर्मवचन समजण्यासाठी व्याकरण, व्याकरणासाठी पाठशुद्धी, पाठासाठी गुरूसमोर वारंवार पठण. राचोल आणि रिद्धपूर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी दोन्हीकडे मराठी वाक्य अर्थासाठी उलगडून पाहिले गेले, आणि दोन्हीकडे वाचणारा लिहिता झाला. ‘उदार विद्या’ हे परकी रोप आहे असे म्हणणाऱ्याने प्रथम रिद्धपूरला जावे. तेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठही सुरू झाले आहे.

फरक मात्र नोंदवला पाहिजे. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद केले आणि वाचणारे वर्तुळ आखडले. येशूसंघीयांनी ग्रंथ छापले, पण वर्तुळ त्यांचेही आखूडच राहिले; फक्त निराळ्या कारणाने.

आजच्या वर्गात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पदवीची नवी रचना २०२४-२५ पासून लागू झाली. ‘बहुविद्याशाखीय’, ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हे शब्द परिपत्रकांतून कानी पडतात. लिबरल आर्ट्स हे नावही महानगरांतील खाजगी विद्यापीठांत मोठ्या शुल्कासह विकले जाते. ग्रामीण महाविद्यालयात या सर्वाचे रूप श्रेयांकांची बेरीज जुळवणे एवढेच होण्याचे भय आहे. विद्यार्थी सहा विषयांची सहा पुस्तके उघडतो, पण एकाही पुस्तकातील एक पान पदशः वाचत नाही. तो उत्तरे वाचतो. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेत कवितेपूर्वी तिचे रसग्रहण छापलेले असते. कविता शोधावी लागते.

कार्डिनल न्यूमन यांनी १८५२ मध्ये डब्लिनला दिलेल्या व्याख्यानांत ज्ञान हेच ज्ञानाचे प्रयोजन, असा उदार शिक्षणाचा पुरस्कार केला. विचार उदात्त आहे. परंतु ज्याचा बाप दोन एकर कोरडवाहू कपाशीवर मुलाला शिकवतो, त्याच्यापुढे तो जसाच्या तसा मांडण्याचे धैर्य मला होत नाही. येशूसंघीयांची भूमिका त्या मानाने अधिक व्यवहारी होती : शिकलेल्याला नीट वाचता, नीट विचार करता आणि नीट बोलता-लिहिता आले पाहिजे; त्याचा उपयोग तो जेथे जाईल तेथे होईल. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या, ग्रामपंचायतीत अर्ज लिहिणाऱ्या, पतसंस्थेचा ठराव वाचून सही करावयाची की नाही ते ठरवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला याच तीन गोष्टी हव्या आहेत.

म्हणून प्रस्तुत लेखकाने पदवीच्या शेवटच्या वर्षी ‘दुसऱ्या पुराणा’तील काना गावच्या लग्नाचा प्रसंग पूर्ववाचनाच्या पद्धतीने शिकवून पाहिला. मराठीच्या स्तुतीच्या ओव्या मुद्दाम टाळल्या. त्या इतक्या वेळा उद्धृत झाल्या आहेत की विद्यार्थी त्या वाचत नाहीत, ओळखतात. रोज सहा ओव्या. आधी नुसते वाचन, मग गद्य अन्वय, मग पदे. कोकणी प्रत्यय आला की मुले थांबत, आणि त्याला वऱ्हाडीतले जवळचे रूप शोधत. त्यात चुका झाल्या, त्या वर्गानेच दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवशी कालचा पाठ एका विद्यार्थ्याने सांगावयाचा. मार्गदर्शिकेत या ओव्यांचे उत्तर नसल्यामुळे दुसरा मार्गच नव्हता.

आठवड्याच्या शेवटी दोन तट पाडले. प्रमेय असे ठेवले की ‘ख्रिस्ती स्वर्गाला वैकुंठ म्हणणे योग्य होय’. विरोधी बाजूच्या एका विद्यार्थिनीने असा मुद्दा काढला की वैकुंठ म्हटले की तुकाराम महाराजांचे प्रयाण डोळ्यांपुढे येते, मग ऐकणाऱ्याचे मन नक्की कोठे जात असेल? समर्थक बाजूने उत्तर दिले की मन ओळखीच्या रस्त्याने जाते म्हणूनच कवीने तो रस्ता घेतला. ‘औचित्य’ या संज्ञेची व्याख्या मी तोवर सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. प्रत्येकाने ती टिपून घेतली, आणि प्रथमच न विचारता उदाहरण दिले.

शेवटी प्रत्येकाने पाच ओव्या लिहावयाच्या होत्या, विषय मोकळा. बहुतेकांनी पोळ्यावर लिहिले, दोघांनी मुंगसाजी महाराजांवर, एकाने बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेवर. यमके बरी होती, चौथा चरण अनेकांचा लांबला. ओवीचा चौथा चरण तोकडा का असतो, हे मग फळ्यावर समजावून देण्याची गरज उरली नाही. ज्यांचा लांबला होता त्यांनीच आपल्या ओव्या मोठ्याने वाचून तो कापला.

संहितेविषयी एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. जे. एल. सालढाणा यांची १९०७ ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत आहे व संशोधकाला ती टाळता येत नाही. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. फादर कॅरिदाद द्रागो यांची १९९६ ची आवृत्ती वर्गासाठी सोयीची आहे. फादर नेल्सन फालकाव यांनी २००९ मध्ये केलेले मराठी गद्य रूपांतर विद्यार्थ्याच्या हाती आरंभी देऊ नये; अन्वय त्याने स्वतः लावल्यावर, ताडून पाहण्यासाठी द्यावे. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताचे पाठभेद ज्या ओव्यांत अर्थ बदलतात, तेवढ्या ओव्या फळ्यावर दोन्ही रूपांत लिहाव्यात आणि कोणता पाठ घ्यावा हे वर्गाला ठरवू द्यावे. त्याला एक तासिका पुरत नाही.